ओल मोजा, पण आमच्या ओसरीवर

कापसाच्या हमीभाव खरेदीचे नियम ठरवणाऱ्या आणि ते राबवणाऱ्या सर्व साहेबांस,

स. न. वि. वि.

हे पत्र कर्जमाफीसाठी नाही आणि भाव वाढवून मागण्यासाठीही नाही. ते मागणारे पुष्कळ आहेत, देतो म्हणणारे त्याहून जास्त. माझं मागणं हातात मावणाऱ्या एका यंत्राबद्दल आहे. कापसाची ओल मोजायचं मीटर. ते खरेदी केंद्राच्या फाटकाशी आहे, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगमध्ये आहे, व्यापाऱ्याच्या गादीवर आहे. ज्या घरात कापूस छताला लागलेला असतो त्या घरात, त्या गावात मात्र नाही. एवढ्यानं काय बिघडतं, ते जरा सविस्तर सांगते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अल्याड. घरची पाच एकर कोरडवाहू, शिवाय तीन एकर मक्त्यानं केलेली. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, थोडं सोयाबीन. आमच्या घरच्यांची कंबर चार वर्षांपासून साथ देत नाही, त्यामुळे पेरणीपासून विक्रीची पट्टी हातात पडेपर्यंतचं सगळं मीच पाहते. बँकेत अजून 'मालक कुठे आहेत' म्हणून विचारतात, तो विषय वेगळा.

आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात. वावरात पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पऱ्हाटीवर दहीभात शिंपडायचा आणि मग बोंडाला हात लावायचा. कापसाला आम्ही आपल्या हातानं लावतो ती ओल एवढीच. बाकीची येते ती आभाळातून. यंदा तर सप्टेंबरभर पाऊस हटला नाही, खालची बोंडं झाडावरच सडली, आणि जी फुटली ती अर्धी ओली, अर्धी कवडी. त्यातून निवडून जो कापूस घरात आला त्याची ही गोष्ट आहे.

वेच्याच्या दिवसात पहाटे दहिवर पडतं. सकाळी आठला वावरात गेलं तर लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजतो. ऊन चढून कापूस सुकायला दहा वाजतात. आता वेचणाऱ्या बायका येतात किलोवर. यंदा मी दहा रुपये किलोनं वेचा दिला. त्यांना आठला सुरुवात करायची असते, कारण पाचला घरी लेकरं, चूल, पाणी. शिवाय सकाळचा कापूस जड भरतो, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मी म्हणते, बाई, जरा ऊन येऊ द्या. त्या म्हणतात, "ऊन येऊ देऊ त घरी कवा जाऊ वो?" दोघींचंही खरं. मी त्यांच्यासारखीच दुसऱ्याच्या वावरात ओटी बांधून वेचायला गेलेली बाई आहे, त्यामुळे मला त्यांच्यावर रागावता येत नाही. मग मधला मार्ग असा, की नऊला सुरू करायचं आणि पहिली दोन गाठोडी वेगळी टाकायची, अंगणात पसरायची. संध्याकाळी धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगून मोजमाप. म्हणजे ओलीचा हिशोब माझ्या वावरात सकाळी आठलाच सुरू होतो. तुमच्या फाटकाशी तो फक्त संपतो.

आणि मोजायला माझ्याकडे काय आहे? दात. माझ्या सासूबाईंनी शिकवलेली परीक्षा आहे ती. ढिगाच्या पोटात हात घालून मूठभर कापूस काढायचा, त्यातली सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजून फुटली तर कापूस सुकला. दबली, चेपली, तर अजून दोन ऊन द्यायचे. दुसरी परीक्षा मुठीची. कापूस घट्ट आवळून सोडला की सुकलेला फुलून वर येतो, ओला गोळा होऊन बसतो. सासूबाईंचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. पण त्या कधी 'बारा पॉइंट तीन' म्हणाल्या नाहीत. त्या 'झाला' म्हणायच्या, किंवा 'नाही झाला'.

तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझा बारा क्विंटल कापूस 'झाला' होता. अमरावतीला शिकणाऱ्या मुलानं मोबाईलवरून हमीभाव खरेदीच्या अ‍ॅपमध्ये नोंदणी केली होती, सातबारा, आधार, ई-पीक पाहणी सगळं चढवून. तारीख मिळाली गुरुवारची. बुधवारी रात्री पिकअप बोलावली. तीन माणसं कापूस तुडवून भरायला, वर ताडपत्री, गाडीभाडं अडीच हजार. रात्रीच निघायचं कारण सकाळी रांग कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. सत्तावीस किलोमीटर. रात्री अकराला पोचलो तर आमच्या पुढे गाड्यांचे लाल दिवे वळणापर्यंत दिसत होते.

गुरुवार रांगेतच गेला. कुठे काटा बंद, कुठे जिनिंगची जागा भरलेली, कारणं रांगेत मागे येईपर्यंत बदलत होती. शुक्रवारची पहाट पण तिथेच उजाडली. धुकं असं की समोरच्या गाडीचा नंबर वाचता येत नव्हता. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला हात फिरवला तर तळवा ओला झाला. कापसाचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा! तो हवेतली ओल ओढतो. घरात, बंद खोलीत सुकलेला कापूस दोन रात्री उघड्यावर उभा केला की वरचा थर पुन्हा नरम पडतो. मी वरून पाच-सहा सरक्या चावल्या, दबल्या. हात खांद्यापर्यंत आत घालून खालून काढल्या, कट्ट कट्ट फुटल्या. म्हणजे जो कापूस मी घरून सुकलेला आणला, त्याला ओल तुमच्या रांगेत लागली.

दहाच्या सुमारास नंबर लागला. मीटर घेतलेला मुलगा सभ्य होता, हे मुद्दाम लिहिते. माझ्या मुलाच्याच वयाचा असेल. त्यानं तीन ठिकाणी सळई खुपसली. ११.६, १२.२, १३.१. आकडे मलाही दाखवले.

"काकू, वरच्या थराले ओल हाय. खालचा बरा हाय, पन सरासरी बाराच्या वर जाऊन रायली."

"मंग वाळवून आनू काय?"

"आना ना. पन स्लॉट नवा घ्या लागन."

तेवढ्यात गाडीवाला: "काकू, खाली करता का वापस नेता? मले दुसरी फेरी हाय."

साहेब, त्या एका मिनिटात शेतकऱ्याच्या डोक्यात जे गणित चालतं ते तुमच्या कागदात कुठे दिसत नाही, म्हणून इथे मांडते. गाडीभाडं अडीच हजार, रांगेतल्या मुक्कामाचे वरचे एक हजार. परत न्यायचा तर पुन्हा भाडं. घरी उतरवायला, पसरायला, पुन्हा भरायला माणसं. नवी तारीख कधी मिळेल ठाऊक नाही. मिळाली तरी त्या पहाटे धुकं नसेल याची हमी कोणाची? फाटकापासून शंभर पावलांवर एक व्यापारी खुर्ची टाकून बसला होता. त्याचं मीटर त्याच कापसाला अकरा म्हणालं. भाव मात्र त्याचाच होता. सहा हजार नऊशे.

मी गाडी तिथेच खाली केली.

आता तुमचा नियम पाहू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. हा भाव आठ टक्के ओलीला. त्यापुढे दर टक्क्याला भावातला एक टक्का कमी, म्हणजे बारा टक्क्यांना ७,७८५ रुपये ६० पैसे. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पाण्याचे पैसे कोणी का द्यावेत? पण बाराच्या पुढे काय? काहीच नाही. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा अशा पायऱ्या उतरत यावं आणि पुढे एकदम विहीर असावी, तसं आहे ते. माझी सरासरी निघाली १२.३. बारा क्विंटलात ०.३ टक्के म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम पाणी. एक कळशी भरत नाही तेवढ्यानं. तेवढ्यासाठी १२ टक्क्यांचा भाव आणि व्यापाऱ्याचा भाव यातला फरक मी सोसला: क्विंटलमागे ८८५ रुपये ६० पैसे, बारा क्विंटलाचे १०,६२७ रुपये. या आठ दिवसांच्या वेच्याची मजुरी बारा हजार होती. म्हणजे जवळपास सगळा वेचा त्या कळशीत गेला.

आणि नापास झाल्याचा एक चिटोराही मला मिळाला नाही. कोणत्या तारखेला, किती आकडा, कोणत्या मीटरवर, काही नाही. घेतलेल्या कापसाची पट्टी निघते, ती मोजली जाते, वर पाठवली जाते. फाटकातून वळलेली माझी गाडी कोणत्या वहीत लिहिली असेल, असं मला वाटत नाही. मग तुम्हाला वरून दिसणार काय, तर खरेदी सुरळीत सुरू आहे.

कोणी म्हणेल, बाई, शेतकरीही काही साधे नाहीत. कबूल. वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे आमच्यात आहेत, मी नावं घेऊन सांगू शकते, घेणार नाही. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, जिनिंगमध्ये रुई खराब निघते, हे मला ठाऊक आहे. ओल मोजू नका असं मी म्हणतच नाही. उलट मला यंत्रच हवं. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं. तिकडे लहानपणी मी एकाधिकाराची खरेदी पाहिली. १९७२ पासून सरकारनं कापूस खरेदी आपल्या हातात घेतली होती, व्यापाऱ्याला विकायला बंदी. बाबा बंडी भरून, ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून जायचे ते तिसऱ्या दिवशी परत यायचे. तिथे ग्रेडर चिमटीत कापूस धरून दोन अंगठ्यांनी धागा ओढून पाहायचा आणि बोलेल ती प्रत. बाबांचा आणि शेजारच्या काकांचा कापूस एकाच धुऱ्याच्या अलीकडचा-पलीकडचा, बियाणं एक, प्रती दोन. त्यावरून त्या दोघांचं पुढे वर्षभर बोलणं नव्हतं. यंत्राला कोण कोणाचा पाहुणा हे कळत नाही, म्हणून मला यंत्र आवडतं. पण ते माझ्या वाटेच्या शेवटी उभं आहे, जिथून मागे फिरणं परवडत नाही. तिथे आकडा सांगण्याला काय अर्थ? तो निकाल झाला, माहिती नाही.

माहेरीच दुधाची डेअरीही होती. बाया सकाळी किटली घेऊन जायच्या, आताही जातात. गावातच मशीनवर फॅट लागतो, आकडा समोर दिसतो, चिठ्ठी हातात पडते. आज फॅट कमी लागला तर बाई घरी येऊन ढेप किती घातली, चारा काय घातला ते पाहते आणि परवाचं दूध सुधारते. तीन लिटर दुधाला गावात मशीन परवडतं. बारा क्विंटल कापसाला का परवडू नये?

माझं मागणं एवढंच आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एक ओल मोजायचं मीटर ठेवा. अलीकडेच आमच्या कृषी सहायकाचं पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी झालं. चांगलं झालं, माणूस कामाचा आहे. त्या नावाबरोबर एक मीटरही दिलं असतं तर आणखी बरं झालं असतं. ज्यांची तारीख लागली आहे त्यांच्या घरी आदल्या दिवशी कोणीतरी यावं, ढिगात तीन ठिकाणी सळई खुपसावी आणि आकडा त्याच अ‍ॅपमध्ये टाकावा जिथे माझा सातबारा टाकला. बाराच्या वर आला तर तारीख आपोआप चार दिवस पुढे जावी, रद्द होऊ नये. मी ऊन देईन. ऊन आमच्याकडे फुकट आहे आणि भरपूर आहे, विदर्भाला ते कोणी कमी पडू दिलेलं नाही. आणि बाराच्या आत आला तर मग रांगेत दोन रात्री लागलेल्या ओलीची जबाबदारी रांग लावणाऱ्यानं घ्यावी, माझ्या कापसानं का?

गावचं मीटर आणि केंद्राचं मीटर जुळतं का, हे हंगामाच्या सुरुवातीला दोन्ही शेजारी ठेवून चार लोकांसमोर दाखवावं. दुकानदाराच्या वजनमापावर शिक्का नसेल तर दंड होतो, मग ज्या आकड्यावर दहा हजार इकडचे तिकडे होतात त्याला कोणी विचारणारा नको? आणि परत जाणाऱ्या गाडीला पावती द्यावी. नापास का असेना, लेखी द्या. दहावी नापास झालेल्या पोरालाही गुणपत्रिका मिळते हो.

तुम्ही म्हणाल, तोवर कापूस घरात ठेवा, घाई काय आहे. ठेवला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला, ते पाहून पुढच्या वर्षी गावानं घरं भरून ठेवली. पुढच्या खोलीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, आम्ही स्वयंपाकघरात झोपायचो. भाव काही आला नाही, अंगाला खाज मात्र आली. धाकटीच्या हातापायांवर पुरळ उठून रक्त निघेपर्यंत खाजवायची, डॉक्टर म्हणाले आधी कापूस हलवा. हलवला, पडेल त्या भावानं. यंदाही, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, सप्टेंबरपर्यंत म्हणता म्हणता डिसेंबरअखेरपर्यंत नेलं, म्हणजे आमचा कापूस घरात यायचे नेमके महिने. त्यावर लिहायला मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला त्याचा अर्थ चांगला कळला होता, एवढं मी पाहिलं.

मक्त्याच्या तीन एकरांचंही एका ओळीत सांगून टाकते. तो सातबारा माझ्या नावावर नाही, मक्ता तोंडी आहे, त्यामुळे तो कापूस माझ्या नावानं केंद्रावर चढतच नाही. आठ महिने राबून ते पीक मी काढते आणि ते पहिल्यापासून व्यापाऱ्याचंच असतं. तो केंद्राबाहेर राहायला ओलीचं कारणही लागत नाही. ते दुखणं मीटरनं बरं होणारं नाही, म्हणून या पत्रात आणखी लिहीत नाही.

आता दुसरा वेचा घरात आहे. साधारण नऊ क्विंटल. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. अंगणात तीन दिवस पसरून, रोज दुपारी उलटापालटा करून, काल संध्याकाळी आत घेतला. रात्री ढिगाच्या पोटातून दहा सरक्या काढून चावल्या. आठ फुटल्या, दोन दबल्या. याचे किती टक्के होतात ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असलं तर बुधवारी दुपारपर्यंत कोणाला तरी मीटर घेऊन पाठवा. बस फाट्यापर्यंतच येते. तिथून पांदण रस्त्यानं येऊ नका, नाल्याजवळ अजून चिखल आहे, शाळेवरून फिरून या. ज्या घरासमोर ताडपत्री वाळत घातलेली दिसेल ते आमचं. ताडपत्री अजून पूर्ण सुकलेली नाही, तिचीही ओल मोजून घेता येईल.

आपली,
कापूस पिकवणारी एक बाई,
जिल्हा यवतमाळ